उडी फुकट, म्हणून सिनेमा फुसका

प्रश्न: ‘जम्पर’ (२००८) पाहिला. क्षणात कुठेही पोचणारा माणूस, कल्पना भारी आहे. तरी सिनेमा फुसका का वाटतो? मूळ पुस्तक वाचावं का?

कारण त्या उडीला काही खर्चच येत नाही. नायक स्फिंक्सच्या डोक्यावर खुर्ची टाकून जेवतो, रोमला जाऊन येतो, घामसुद्धा फुटत नाही. मग त्याला अडवायचं कसं? म्हणून पॅलाडिन नावाची मंडळी बाहेरून आणली. सगळीकडे असण्याचा हक्क फक्त देवाचा, असं म्हणत ते विजेच्या तारा फेकतात आणि उरलेला सिनेमा पळापळीत जातो. अडचण उडीतूनच निघायला हवी होती.

इंदुरात हा विषय निघाला की एक भिया (इंदुरी बोलीत भाऊ, दोस्त) हमखास ऐकवतो, ‘सायन्स फिक्शन आहे यार, डोकं घरी ठेवून बघ.’ कितीदा भांडलोय यावरून. डोकं लावलं की उलट मजा वाढते.

इंदूरच्या राजवाड्यासमोरून बडोद्याच्या मांडवीला उडी मारायची आहे असं धरा. वजन ६० किलो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर, बडोदा ४० च्या आसपास. म्हणजे ५१० मीटर खाली आलात. ती स्थितिज ऊर्जा, जवळजवळ ३०० किलोज्यूल, कुठे तरी गेली पाहिजे. उष्णता होऊन अंगातच राहिली तर शरीर सुमारे १.४ अंश सेल्सिअसने तापतं. मांडवीला पोचलात तेच १०१ ताप घेऊन. परतताना उलटं, तेवढेच अंश उतरणार आणि इंदूरच्या सराफ्यात, त्या खाऊगल्लीत, भुट्ट्याचा कीस खायला हुडहुडी भरलेल्या अवस्थेत उभे राहणार.

हे परवडलं. खरा घोळ वेगाचा आहे. पृथ्वीबरोबर दोन्ही गावं सेकंदाला ४३० मीटरच्या आसपास फिरतात, पण रेखांशात २.७ अंशांचा फरक असल्याने दोघांच्या वेगाची दिशा तेवढी वेगळी. वजाबाकी केली तर उरतात सेकंदाला २० मीटर, ताशी ७२ किलोमीटर. इंदूर पूर्वेला, त्यामुळे तिथला वेग घेऊन बडोद्यात उतरलात की तो मुख्यतः खालच्या दिशेने लागतो. सहाव्या मजल्यावरून पडल्यासारखे आपटाल. येताना तोच वेग वरच्या दिशेने! राजवाड्यासमोर प्रकट व्हाल आणि तिथून सतराएक मीटर वर फेकले जाल. मग खाली याल ते वेगळं. इंदूर ते रोम धरलं तर हाच फरक सेकंदाला ४०० मीटरच्या वर जातो, आवाजापेक्षा जास्त. कोलोसियममध्ये नायक पोचणार नाही, खड्डा पडेल.

आता एवढ्यावरूनच कथा बघा कशी हलते. उत्तर-दक्षिण उड्या त्यातल्या त्यात स्वस्त, पूर्व-पश्चिम महाग. लांब जायचं तर छोटे टप्पे घ्यायचे, प्रत्येक टप्प्यावर थांबून अंग निववायचं. पाठलाग करणाऱ्याला रेखांश कळला तरी पुरे, विजेच्या तारा कशाला?

एक दृश्य मात्र जमलंय. पोरगा गोठलेल्या नदीत बर्फाखाली अडकतो आणि थेट वाचनालयात प्रकट होतो, सोबत नदीचं पाणी, सगळी फरशी चिंब. तिथे उडीबरोबर काहीतरी ओढलं जातं हे दिसतं. पुढे तेच फक्त बस आणि आख्खी खोली उचलण्याच्या करामतीसाठी वापरलं.

पुस्तक वाचा, स्टीव्हन गूल्डचं, १९९२ चं. त्यात पॅलाडिन नाहीतच. आधी पाहिलेल्या आणि नीट आठवणाऱ्या जागीच जाता येतं, म्हणून तो जागांचं व्हिडिओ चित्रीकरण करून ठेवतो. हा नियम साधा आहे, पण त्यावर कथा उभी राहते.

वरचे आकडे ऊर्जा आणि संवेग अक्षय्य राहतात असं धरून काढलेत. उडी मारणाऱ्याचा वेग आपोआप जुळतो असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण मग ते एका वाक्यात सांगा तरी. आणि सिनेमा आपटला असंही नाही, ८.५ कोटी डॉलर लावून २२ कोटींच्या वर कमाई झाली. भिया दर वेळी हाच आकडा तोंडावर मारतो.