जुना रिसीव्हर उघडण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : १९७०च्या दशकातला रिसीव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकत्र असलेलं यंत्र) आहे, वाजतोही चांगला. पण ‘सगळे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) बदल, आवाज खुलेल’ असं मित्र सांगतात. तयार संच आणून एका बैठकीत काम उरकू का?

एका बैठकीत नको. पन्नास-साठ भाग एकदम बदलले आणि त्यानंतर एक चॅनेल गप्प झाला, तर चूक शोधायची कुठे? एका वेळी एकच बोर्ड घ्या. आधी जवळून फोटो काढा, भाग बदला, चालवून बघा आणि मगच पुढच्या बोर्डाला हात घाला.

शिवाय ‘सगळे’ बदलायची गरजही नसते. वय होतं ते मुख्यतः इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं, कारण त्यांच्या आतला द्रव उष्णतेनं हळूहळू सुकत जातो. फिल्म आणि मायका प्रकारचे कपॅसिटर सहसा ठणठणीत असतात. ट्यूनरमधल्या बारीक सिरॅमिक कपॅसिटरांना तर हातच लावू नका. तिथे किंचित फरक पडला तरी स्टेशनं सरकतात, आणि ती जागेवर आणायला नुसता मल्टिमीटर पुरत नाही.

सुरुवात पॉवर सप्लायच्या बोर्डापासून करा. तिथले गरम होणारे रेझिस्टर शेजारच्या कपॅसिटरांना वर्षानुवर्षं भाजत असतात. नवे कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान सोसणारे घ्या. तापमान १० अंशांनी उतरलं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून ८५ अंशांच्या भागापेक्षा हे वरचढ ठरतात. मायक्रोफॅराड, म्हणजे साठवणक्षमता, मूळचेच ठेवा. व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त चालेल. सिग्नलच्या वाटेवरचे एक-दोन मायक्रोफॅराडचे इलेक्ट्रोलिटिक काढून तिथे फिल्म बसवता येतात. माझ्या मते खरी ‘सुधारणा’ म्हणावी अशी ही एकच जागा आहे; बाकीचं काम म्हणजे यंत्राला मूळच्या तब्येतीवर आणणं, आणि आवाजात जाणवणारा फरक बहुतेक त्यातूनच येतो.

पॉवर सप्लायमधल्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरांबाबत हाव नको. मूळ १०,००० मायक्रोफॅराड असतील तर १२,००० ठीक आहेत. ३३,००० लावले तर चालू करताना रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग), स्विच आणि फ्यूजवर नाहक ताण येतो.

त्यांच्या बुडाशी तपकिरी चिकटा दिसला म्हणजे ते गळलेच, असंही समजू नका. बहुधा कपॅसिटर हलू नये म्हणून कारखान्यात लावलेला तो गोंद असतो. मात्र काळपट पडलेला गोंद वीज वाहू देतो आणि शेजारच्या भागांचे पाय गंजवतो. तो लाकडी काडीनं हळूच खरवडून काढाच.

प्रश्न : आवाज कमी ठेवला की डावा चॅनेल गायब होतो. नॉब वर नेला की परत येतो, मग बराच वेळ नीट चालतो. आउटपुट ट्रान्झिस्टर गेले असतील का?

बहुधा नाही. स्पीकरच्या वाटेवरच्या प्रोटेक्शन रिलेचे (विजेनं उघडझाप होणाऱ्या स्विचचे) संपर्क काळे पडले की हेच लक्षण दिसतं : हलका सिग्नल तो थर भेदू शकत नाही, जोरदार भेदतो. आधी टेप मॉनिटर आणि स्पीकरचे स्विच कॉन्टॅक्ट क्लीनर टाकून वीस-पंचवीस वेळा मागेपुढे करा, कारण दोष तिथेही असू शकतो. फरक पडला नाही तर रिले बदला. कॉइलचं व्होल्टेज, पायांची मांडणी आणि संपर्कांची अँपिअर क्षमता जुळवून घ्या. पॉलिश पेपरनं घासलं तर संपर्कांवरचा मुलामा जातो. आणि रिले काढून सरळ तार जोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बिघाडात डीसी थेट स्पीकरमध्ये शिरू नये म्हणूनच तो तिथे आहे.

प्रश्न : व्हॉल्यूम शून्यावर असतानाही उजवीकडून तडतड ऐकू येते. कपॅसिटर बदलूनही गेली नाही.

व्हॉल्यूमच्या नॉबला ती दाद देत नाही, म्हणजे दोष नॉबमागच्या पॉटच्या (फिरवत्या रेझिस्टरच्या) पुढे, बहुधा पॉवर अँपमध्ये आहे. तिथल्या इनपुटच्या छोट्या ट्रान्झिस्टरांच्या जोडीवर पहिला संशय घ्या. २एसए७२६ हा त्यातला नेहमीचा आरोपी, आणि त्याच्या जागी केएसए९९२ चांगला चालतो. पायांचा क्रम डेटाशीटवरून ताडूनच बसवा. जोडीतले दोन्ही एकदम बदला आणि त्यांचा गेन (सिग्नल वाढवण्याची क्षमता) जवळजवळ सारखा ठेवा, नाहीतर आउटपुटला डीसी वाढतो.

प्रश्न : डायलचे दिवे एलईडी केले तर?

करा, उष्णता कमी होईल. पण जुन्या दिव्यांना बहुधा एसी मिळतो. नुसता एलईडी त्यावर लुकलुकतो. रेक्टिफायर असलेला, उबदार पांढऱ्या रंगाचा घ्या.

प्रश्न : काम झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना काय काळजी घ्यावी?

काळजी आत हात घालण्याआधीपासून हवी. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरांत चार्ज उरतो. तो रेझिस्टर लावून उतरवा, स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून नव्हे, आणि मीटरनं खात्री करा.

पहिल्यांदा चालू करताना मेनच्या तारेत ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तार असलेला बल्ब सिरीजमध्ये जोडा. स्पीकर लावू नका. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. झगझगीतच राहिला तर लगेच बंद करा. मग बल्ब काढून स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असावा.

शेवटी बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहणारा ठरावीक करंट. त्याचा जुना प्रीसेट (तो करंट ठरवणारा छोटा फिरवता रेझिस्टर) चालू स्थितीत फिरवू नका. सरकता संपर्क क्षणभर सुटला तर बऱ्याच सर्किटांत करंट एकदम चढतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात. प्रीसेट नवाच बसवा, बसवण्याआधी जुन्याइतक्याच ओहमवर लावून ठेवा. मीटरचे चिमटे यंत्र बंद असतानाच एमिटर रेझिस्टरवर अडकवा, कारण हातातली पिन घसरली तरी शॉर्ट होतो. पंधरा मिनिटं तापू द्या आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. उदाहरणार्थ, ०.४७ ओहमवर १२ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण २५ मिलिअँपिअर. अर्ध्या तासानं पुन्हा मोजा. आकडा चढतच असेल तर हीटसिंकवरची वाळलेली पेस्ट बदलून मगच स्पीकर जोडा.