लिस्बनला कधी जाऊ विचारतेस, आधी झोपेचं बघ

अगं,

तीन महिने पोर्तुगालमध्ये लिस्बनला राहून पुण्याच्या टीमचं काम करायचं म्हणतेस, त्यासाठीची तुझी एक्सेल शीट पाहिली. जून, ऑक्टोबर, डिसेंबर, खाली तापमान, पाऊस, तिकीट, घरभाडं, सगळं मन लावून भरलंयस. फक्त तू झोपणार किती वाजता हे कुठेच नाही, आणि माझ्या मते बाकीचं सगळं त्यानंतर येतं.

हिशोब बघ. तुझा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, पुण्याच्या साडेदहाला. उन्हाळ्यात लिस्बन आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे तिथे सकाळचे सहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं की तोच स्टँडअप पहाटे पाचला येतो आणि मार्चअखेरपर्यंत तिथेच राहतो. म्हणजे रात्री नऊ-साडेनऊला तुला गाढ झोप लागलीच पाहिजे. ज्या ऋतूत ती लागते तो तुझा ऋतू, मग फोटो कसे का येईनात.

जून सगळे सुचवतील. जांभळ्या फुलांचा जाकरांदा फुललेला असतो, उजेड मुबलक, सगळं खरं आहे. पण सूर्य मावळतो नऊ वाजता, आणि तो महिनाभर अल्फामा, ग्रासा, मोरारियासारख्या जुन्या वस्त्यांत रस्त्यावरच जत्रा असते. मी ग्रासात राहिले होते. खिडकीखाली सार्डिन भाजायच्या शेगड्या, धूर पडद्यात, उशीत, केसांत, आणि 12 जूनच्या रात्री सांतु अंतोनियोचा उत्सव, गाणी उजाडेपर्यंत. 13 ला सगळ्या शहराला सुट्टी, आपल्या टीमला नाही. मला तो उत्सव मनापासून आवडतो म्हणूनच सांगतेय, तो बघायला रजा काढून जा, काम घेऊन जाऊ नकोस.

डिसेंबर स्वस्त दिसतो. माझ्या तेव्हाच्या मॅनेजरने रिलीज संपल्याशिवाय सोडलंच नाही, त्यामुळे मला हिवाळा मिळाला. बाहेर दहा-बारा डिग्री, त्यात काय एवढं असं वाटतं ना? पण तिथल्या बऱ्याच जुन्या घरांना हीटिंगच नसतं. कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी, स्वेटरला कुबट वास, ओल शोषणाऱ्या मशीनची टाकी रोज ओतायची, आणि पहाटे साडेचारला त्या गार लादीवर पाय ठेवायचा. दीडला काम संपतं खरं, पण सव्वापाचला अंधार. ते दिवस गेले याचं मला अजून वाईट वाटतं, शहर दाराशी होतं आणि मी गोधडीत.

म्हणून मी सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणते आणि त्यावरून हलणार नाही. अडीचला लॅपटॉप मिटायचा, काइश दु सोद्रेहून कश्काइशची ट्रेन धरायची, चाळीसेक मिनिटांत समुद्र. पाणी गारच असतं, पण त्यातल्या त्यात उबदार याच दिवसांत. नाहीतर गुल्बेंकियनच्या बागेत बदकांशेजारी पुस्तक घेऊन बस. सातच्या सुमारास सूर्य बुडतो, आठला जेवण, नऊला झोप. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पाऊस येऊ शकतो आणि ते पांढरे दगडी फूटपाथ भयंकर निसरडे होतात, चांगल्या सोलचे बूट ने. तेवढं एकच.

मला लोक म्हणाले, लिस्बनला जाऊन नऊला झोपलीस? हो, झोपले! म्हणून रोजची दुपार माझी होती आणि कामात कोणाला बोट ठेवायला जागा मिळाली नाही. फाडो, म्हणजे तिथली पारंपरिक गाणी, ऐकायला शुक्रवार-शनिवार आहेत की.

यंदा, 2026 मध्ये, गणपती 14 सप्टेंबरला. दीड दिवसांचं विसर्जन करून निघ, 25 ऑक्टोबरला घड्याळ बदलतं तेव्हा परत फिर, 8 नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाला घरी. तीन महिन्यांचा हट्ट सोड, झोपेचे साडेपाच आठवडे जागरणाच्या तीन महिन्यांपेक्षा केव्हाही बरे.

व्हिसाचं मात्र स्पष्ट सांगते, टुरिस्ट व्हिसावर जायचं आणि कोण बघतंय म्हणून काम करायचं, हे मला चालणार नाही. रिमोट कामाचा डी-८ व्हिसा आहे, त्याला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न लागतं, यंदा महिना 3,680 युरो. तुझा पगार त्यात बसतो म्हणालीस, मग अर्ज आत्ताच टाक, वेळ लागतो. आणि तो वर्षभराचा मिळाला म्हणून वर्षभर राहिलंच पाहिजे असं नाही.

घर काम्पु द ओरीक किंवा आल्व्हालाद भागात बघ, बायरु आल्तुत अजिबात नको, तिथे रात्रभर बार चालतात. पैसे भरण्याआधी मालकाला तिथल्या रात्री अकराला व्हिडिओ कॉल करायला सांग, बेडरूमची खिडकी उघडून. तो टाळत असेल तर दुसरं घर बघ. मॅनेजरला तारखा लेखी कळव आणि त्याने काय उत्तर दिलं ते मला सोमवारपर्यंत सांग.

तुझी ताई