हॉलचे उरलेले 90,000 आत्ताच भरावेत का?

फोंड्याहून एका वाचक ताईंनी विचारलंय. साखरपुडा जानेवारीत झाला, मे 2021 चं लग्न कोरोनाच्या कर्फ्यूमुळे पुढे गेलं. हॉलच्या दीड लाखापैकी 60,000 भरून झालेत. मालक म्हणतो, उरलेले 90,000 आत्ता द्या, डिसेंबरची तारीख जुन्याच दरात देतो. नंतर आलात तर 1,80,000. ताई वेर्ण्याला औषध कंपनीत, होणारे यजमान कळंगुटला हॉटेलात, सध्या अर्ध्या पगारावर. दोघांची शिल्लक 4 लाख, निम्मी बँकेच्या एफडीत, निम्मी पतसंस्थेत.

ताई, आत्ता देऊ नका.

90,000 भरून 30,000 वाचतात, हा हिशेब कागदावर मोहात पाडणारा आहे. पण तो डिसेंबरला हॉल भरून लग्न लागेल हे गृहीत धरून केलेला आहे. 2020 मध्ये 50 माणसांची मर्यादा आली, 2021 मध्ये पुन्हा कर्फ्यू. तिसऱ्यांदा तसं झालं तर दीड लाख अडकणार, आणि तेही घरात दीडच पगार येत असताना. आत्ता दिले नाहीत तर जास्तीत जास्त नुकसान 30,000 चं, तेही मालक दरावर अडून बसला तर. मला तर वाटतं, तुळशीच्या लग्नानंतर तोच घासाघीस करायला तयार होईल. रिकामा हॉल त्यालाही परवडत नाही.

त्याला सांगा, भरलेल्या 60,000 वर तारीख धरा, बाकी लग्नाच्या महिनाभर आधी. आणि सरकारी बंदी आली तर पैसे परत, की पुढची तारीख, हे लेटरहेडवर सहीनिशी घ्या. फोनवरचं ‘बघूया, आपलीच माणसं’ चालणार नाही.

पतसंस्थेतले 2 लाख मात्र मुदत संपताच उचला. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. एप्रिल 2020 मध्ये म्हापसा अर्बन सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला तेव्हा ठेवीदारांना या विम्याचाच आधार होता.

दागिन्यांची घाई नको. ऑगस्ट 2020 मध्ये सोन्याचा तोळा 56,000 च्या वर होता, मार्च 2021 अखेर 45,000 च्या आसपास आला. लागेल तसं थोडं थोडं घ्या.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय की होणाऱ्या यजमानांनी त्यांच्या भावाबरोबर टुरिस्ट टॅक्सीसाठी कर्ज काढलंय. गोव्यात वेगळा करार नसेल तर लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता, आधीचीसुद्धा, निम्मी-निम्मी दोघांची होते. वेगळं काही ठरवायचं तर ते लग्नाआधीच नोंदवावं लागतं. नंतर बदलता येत नाही. म्हणून लग्नाच्या नोंदणीसाठी सिव्हिल रजिस्ट्रारकडे सही करण्याआधी कर्जाची कागदपत्रं दोघांनी समोर ठेवून बसा: शिल्लक किती, हप्ता किती, रिझर्व्ह बँकेच्या 2020 मधल्या सवलतीत थांबवलेल्या हप्त्यांचं व्याज किती चढलं, गाडी कोणाच्या नावावर. सासरी वाईट दिसेल असं मनात येईल. येऊ दे. गरज वाटली तर तिथल्याच एखाद्या वकिलाला तासभर भेटा.

रजिस्ट्रेशन आणि हॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरच्यांची तयारी असेल तर सह्या करून देवळात मोजक्या माणसांत लग्न उरका, जेवणावळ नंतर. तसं ठरलं तर हॉलवाल्याकडे लहान हॉलचा दर विचारा आणि 60,000 त्यातच वळते करून मागा.