रोमँटिक कॉमेडी अ‍ॅनिमेमध्ये लहानपणची मैत्रीण नेहमी का हरते?

तुम्ही विचारलंय, की नायकाला अंगणवाडीच्या वयापासून ओळखणारी, त्याच्यावर जीव टाकणारी मुलगी दर वेळी मागे का पडते आणि परवा वर्गात आलेली नवी मुलगी त्याला का घेऊन जाते. लेखकांचा तिच्यावर राग आहे का, असंही विचारलंय. मला तसं अजिबात वाटत नाही. माझं उत्तर असं आहे, की अ‍ॅनिमेतल्या, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांतल्या, या गोष्टी सुरू होतात तेव्हा तिची गोष्ट बरीचशी घडून गेलेली असते. पहिला भाग म्हणजे नवी मुलगी येते तो दिवस. तिथून पुढे जे जे पहिल्यांदा घडायचं असतं, ते नायक आणि त्या नव्या मुलीत घडतं.

पुण्यात जपानी शिकत होते तेव्हा हा शब्द मला पहिल्यांदा भेटला: ओसानानाजिमी. 'ओसानाई' म्हणजे लहान, अजाण आणि 'नाजिमी' म्हणजे ओळखीचं, सवयीचं, अंगवळणी पडलेलं. मुलगा असो की मुलगी, शब्द हाच. आपल्याकडे मुलग्यांना 'लंगोटीयार' आहे. मुलीसाठी तितका मायेचा शब्दच नाही, 'बालमैत्रीण' म्हणावं तर ते पुस्तकी वाटतं. तर या शब्दातलं 'नाजिमी' मला महत्त्वाचं वाटतं. नायकाला तिची सवय झालेली असते. सकाळी ती खिडकीतून हाका मारून उठवते, डबा आणून देते, शाळेपर्यंत सोबत चालते, त्याच्या आईला परस्पर 'हा आज जेवला नाही' म्हणून सांगते. हे सगळं त्याला रोजच्या चहासारखं झालेलं असतं.

हाक मारण्याचंच बघा. जपानमध्ये वर्गातली मुलं एकमेकांना आडनावाने हाक मारतात, मागे 'सान' किंवा 'कुन' लावून. त्यावरून पहिल्या नावावर येणं ही मोठी गोष्ट असते. आपल्याकडे 'अहो'वरून 'अरे'वर येताना जीभ अडखळते ना, तसंच काहीसं. रोमँटिक कॉमेडीत त्या एका हाकेसाठी सात-आठ भाग थांबवतात. मग संध्याकाळची वेळ, रिकामा वर्ग, मुलगी खाली बघत त्याचं नाव घेते आणि दोघंही कानापर्यंत लाल होतात. लहानपणची मैत्रीण हे करूच शकत नाही. ती त्याला चार वर्षांची असल्यापासून नावानेच हाक मारत आलीय. त्याच्या घरी पहिल्यांदा जाणं, त्याच्या आईला भेटणं, तो तापाने झोपलेला असताना पेज करून देणं, हे प्रसंगही तिच्यासाठी जुने. नव्या मुलीला जी पायरी चढताना पाहून आपलं काळीज धडधडतं, त्या पायरीवर ही पहिल्यापासून बसलेली आहे.

दुसरं कारण कोकुहाकु. जपानमध्ये, निदान शाळकरी वयात, नातं आपोआप सुरू झालं असं सहसा धरत नाहीत. एकाने समोर उभं राहून स्पष्ट सांगायचं: तू मला आवडतोस, माझ्याशी नातं जोड. समोरच्याने हो म्हटलं की त्या क्षणापासून ते जोडपं. या सांगण्याला म्हणतात कोकुहाकु. ते झालं नाही तर दहा वर्षांचे डबे आणि सोबत चाललेली वाट हिशोबात धरली जात नाही. नवी मुलगी बोलली आणि नाकारली गेली, तर तिचं काय जातं? एक वर्गमित्र. लहानपणची मैत्रीण बोलली आणि नाकारली गेली तर शेजार जातो, दोन्ही घरांचं येणंजाणं अवघडतं, सगळं बालपणच गढूळ होतं. म्हणून ती गप्प राहते. मला तिच्या या गप्प राहण्याचा कधीच राग येत नाही.

तुम्ही 'नेहमी' लिहिलंय, तेवढं मात्र खरं नाही. एकेकाळी तीच मुख्य नायिका असायची. आदाची मित्सुरू यांची 'टच' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 1981 ते 1986 या काळात 'शोनेन संडे' साप्ताहिकात आली आणि 1985 पासून तिचं अ‍ॅनिमे झालं. त्यातली मिनामी जुळ्या भावांच्या शेजारी राहते. दोन्ही घरांच्या मध्ये मुलांसाठी अभ्यासाची एक खोली बांधलेली आहे, तिथे तिघं एकत्र वाढतात. तिचं प्रेम त्या दोन भावांपैकी एकावर. तिथे सगळेच एकमेकांच्या लहानपणातले, त्यामुळे गोष्ट कोणासाठीच उशिरा सुरू होत नाही. पुढे 1994 साली कोनामी कंपनीचा 'तोकिमेकी मेमोरियल' हा व्हिडिओ गेम आला, त्यातली शिओरीसुद्धा शेजारचीच. पण तिचं मन जिंकणं त्या गेममध्ये सगळ्यांत अवघड! सुरुवातीला 'सोबत घरी जाऊ या' म्हटलं, तर मैत्रिणी काहीबाही बोलतील, लाज वाटते, असं सांगून ती नकार देते. गेममध्ये खेळणाऱ्याने जिला निवडलं तिचा शेवट गोड, त्यामुळे कायमचं कोणी हरत नव्हतं. चार-पाच मुली असलेल्या मालिकेला मात्र शेवट एकच द्यावा लागतो आणि तिथे कोणाला तरी रडावं लागतं. माझ्या मते ते काम हिच्यावर आलं, कारण तिचं दुःख बांधायला वेगळा वेळ लागत नाही, तिच्यामागे वर्षं उभीच असतात.

हे इतकं ठरून गेलं की जपानीत अशा मुलींना 'माके हिरोइन', म्हणजे हरणारी नायिका, हे नावच पडलं. 2021 साली एक अ‍ॅनिमे आलं, त्याच्या नावाचा अर्थच 'बालमैत्रीण कधीही हरणार नाही अशी प्रेमकथा'. असं वचन नावातच द्यावं लागलं, यावरून लोकांची अपेक्षा काय होती ते कळतं.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं ते. 'माके हिरोइन गा ओसुगिरु', म्हणजे 'हरणाऱ्या नायिका फार झाल्या'. अमामोरी ताकिबी यांच्या कादंबऱ्यांवरची ही मालिका 2024 च्या जुलैपासून दाखवली गेली, भाग बारा. गोष्ट आइची प्रांतातल्या तोयोहाशी शहरात घडते, जिथे अजून ट्राम धावते. हिची सुरुवातच वेगळी आहे. एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये नुकुमिझु नावाचा एकलकोंडा मुलगा पुस्तक वाचत बसलाय. पलीकडच्या टेबलावर त्याच्या वर्गातली यानामी आन्ना, समोर तिचा लहानपणचा मित्र सोसुके. सोसुकेचा जीव नव्याने शाळेत आलेल्या कारेनवर जडलाय आणि यानामी स्वतः त्याला तिच्याकडे जा म्हणते. तो धावत निघून जातो. टेबलावर त्याचा अर्धा प्यायलेला ग्लास राहतो. यानामी थोडा वेळ त्या ग्लासकडे बघते आणि मग त्याचीच स्ट्रॉ तोंडात धरते. तेवढ्यात तिला दिसतं, की नुकुमिझु बघतोय.

मी तो प्रसंग पाहिला तेव्हा हसू आलं आणि त्याच क्षणी घसा दाटला. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत हा प्रसंग शेवटच्या दोन भागांत आला असता, पावसात, व्हायोलिनच्या सुरावर. इथे तो पहिल्या काही मिनिटांत येतो. जिची गोष्ट संपली, तिथूनच गोष्ट सुरू होते. पुढे ती नुकुमिझुच्या टेबलावर येऊन बसते, पोटभर खाते, मन मोकळं करते. मुली दोनच प्रकारच्या, बालमैत्रीण नाहीतर चोरटी मांजर, म्हणजे दुसरीचं माणूस पळवणारी, असं ती तावातावाने सांगते. बिल नुकुमिझु भरतो. ते पैसे फेडायला ती त्याच्यासाठी घरून डबा करून आणू लागते. शाळेच्या जुन्या इमारतीच्या बाहेरच्या जिन्यावर बसून तो रोज जेवतो आणि त्या दिवशीच्या डब्याची किंमत ठरवून उरलेल्या पैशांतून वजा करतो.

डबा हे लहानपणच्या मैत्रिणीचं ठरलेलं लेणं. दहा वर्षं फुकट दिलेल्या मायेला कोणी मोल दिलं नाही आणि इथे एक जवळजवळ अनोळखी मुलगा प्रत्येक घास नीट चाखून त्याची येनमध्ये किंमत सांगतो. मला हे फार हळवं वाटतं. तिने केलेलं काहीतरी पहिल्यांदाच कोणीतरी मोजतंय.

याच मालिकेत शाळेतल्या साहित्य मंडळाचा अध्यक्ष आणि उपाध्यक्षा हेही एकमेकांचे ओसानानाजिमी आहेत आणि तिथे उपाध्यक्षाच जिंकते. हरते ती मंडळात नवी आलेली कोमारी. म्हणजे लेखकाने कोणताही नियम गृहीत धरलेला नाही, तो फक्त ज्या मुलीला नकार मिळाला तिच्याजवळ थांबतो.

तुम्हाला तिला जिंकताना पाहायचं असेल तर 2023 चं 'तोमो-चान वा ओन्नानोको!' लगेच पाहा, तेरा भाग आहेत. तोमो कराटे खेळणारी दांडगी मुलगी. तिच्या लहानपणच्या मित्राला, जुनइचिरोला, ती मुलगा नाही हे माध्यमिक शाळेत तिला स्कर्टमध्ये पाहिल्यावर कळलं होतं. इथे कोकुहाकु पहिल्याच भागात होतं, तेही तोमोकडून. तू मला आवडतोस, असं ती सरळ सांगते आणि तो आनंदाने म्हणतो, मलाही तू आवडतोस, दोस्ता! तिचं बोलणं तिथे वाया गेल्यासारखं दिसतं, पण एकदा बोलून झाल्यामुळे पुढचे सगळे भाग तिचे होतात. आता तिच्याकडे करायला काहीतरी असतं आणि त्यालाही हळूहळू जाणवत जातं की शेजारी चालणारी ही कोण आहे. सवयीच्या माणसाकडे तो नव्याने बघायला शिकतो आणि त्याची किती भीती वाटते, हेही त्या मालिकेत फार छान दाखवलंय.

आधी 'तोमो-चान' पाहा, मग यानामीकडे या. तो ग्लासाचा प्रसंग आला की घाईने पुढे नेऊ नका.