नावाजलेलं कॉलेज सोडलं, तर मेडिकल हुकेल का?

एप्रिल उजाडला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून हा प्रश्न येतोच. मुलीला डॉक्टर व्हायचंय, मोठ्या खासगी कॉलेजात प्रवेशही मिळालाय, पण खर्च ऐकून छातीत धस्स होतं. घ्यावा की सोडावा?

गेल्या एप्रिलात गार्गी (नाव बदललं आहे) आईबाबांसोबत माझ्याकडे सल्ल्याला आली. 1 मेपर्यंत ठरवायचं होतं. खासगी कॉलेजचा वर्षाचा खर्च 92 हजार डॉलर. रटगर्स या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात शिष्यवृत्ती वजा जाता, राहण्याजेवणासकट 26 हजार.

बाबा म्हणाले, "अहो, पण हे खासगीवाले 32 हजारांची मदत देतायत."

मी कॉलेजचं मदतीचं पत्र पुढ्यात घेतलं. मदतीच्या रकान्यात 12 हजार शिष्यवृत्ती होती. खालचे 20 हजार होते 'पॅरेंट प्लस', म्हणजे आईवडिलांनी काढायचं कर्ज! बाबांनी तेही सूट म्हणून वजा केलं होतं. ही चूक मी दरवर्षी पाहते, कारण कित्येक पत्रं कर्जालाही मदतीतच धरतात. नीट हिशेब केला तर चार वर्षांचा फरक निघाला 2 लाख 16 हजार.

आई हळूच म्हणाल्या, "पुण्यात सगळ्यांना त्या कॉलेजचं नाव ठाऊक आहे."

ते मी हसण्यावारी नेलं नाही. नावाला किंमत असते. तिथल्या प्रयोगशाळा, ओळखी खऱ्या असतात. पण प्री-मेड, म्हणजे पदवी घेताना केलेली मेडिकलची पूर्वतयारी, ही वेगळी पदवी नव्हे. जीवशास्त्र, रसायन, ऑरगॅनिक, भौतिकशास्त्र असे ठरावीक विषय आणि एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा. मेडिकल स्कूल आधी बघतं ते जीपीए (पदवीच्या गुणांची सरासरी), विज्ञानातले गुण, एमकॅट, रुग्णांसोबत घालवलेला वेळ आणि शिफारसपत्रं. कॉलेजचं नाव त्यानंतर. 'आमची 90 टक्के मुलं मेडिकलला लागतात' असं कुणी सांगितलं, तर विचारा: पहिल्या वर्षी प्री-मेडला बसलेल्यांपैकी किती? काही कॉलेजं कच्च्या मुलांना मेडिकलच्या अर्जासाठी कॉलेजच्या समितीचं शिफारसपत्रच देत नाहीत, मग आकडा चांगला दिसणारच.

शिवाय खरा खर्च पुढे आहे. 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज, बंद. मेडिकलला सरकारी कर्ज वर्षाला 50 हजार, एकूण 2 लाखांपर्यंतच. त्यापुढचे पैसे घरातून आणायचे, नाहीतर खासगी कर्ज काढायचं. घरची शिल्लक बावीसाव्या वर्षी लागणार आहे, ती अठराव्या वर्षीच संपवू नका, असं मी अगदी कळवळून सांगितलं.

मग गार्गीला विचारलं, "समजा दोन वर्षांनी डॉक्टर व्हावंसं वाटलंच नाही, तर कुठे राहायला आवडेल?"

ती बराच वेळ बाहीचा दोरा ओढत बसली. मग म्हणाली, "रटगर्स. पण घरून जा-ये करणार नाही. हॉस्टेल."

आईचा चेहरा पडला. बाबांनी 26 हजारांच्या आकड्यावर बोट ठेवलं. "राहण्याचे धरलेत ना यात? मग राहू दे तिला."

30 एप्रिलला त्यांनी डिपॉझिट भरलं.