मॅन्युअल बघून थेरपी शिकता येते का?

प्रश्न: मॅडम, मी एमडी सायकियाट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सीबीटीचं (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी बोलण्याची थेरपी) मॅन्युअल हातात देऊन डिप्रेशनची पहिली पेशंट दिलीय. तिसऱ्या सेशनला तिने रोजच्या कामांचा चार्ट भरून आणला नाही, मी परत सगळं समजावलं तर ती गप्पच झाली. सीनियर म्हणतात, थेरपी काय पुस्तकात बघून करायची गोष्ट आहे का! देऊ का सोडून?
– एक रेसिडेंट, नागपूर

उत्तर: सोडू नकोस गं. मॅन्युअल नसतं तेव्हा काय होतं, सीनियर बंद दाराआड थेरपी करतात आणि आपण बाहेर बसून ती अंगात भिनेल म्हणून वाट बघायची. ही थेरपी घडवणारे मानसोपचारतज्ज्ञ आरॉन बेक आणि सहकाऱ्यांनी १९७९ मधे डिप्रेशनचं मॅन्युअल छापलं, त्याने निदान कुठल्या सेशनला काय करायचं ते नवख्या माणसालाही कळायला लागलं. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या टीमने तर आधी मानसिक आरोग्याचं काहीच ट्रेनिंग नसलेल्या लोकांना मॅन्युअलवरून शिकवलं, त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत ६ ते ८ सेशन्स घेतली आणि पेशंट्सना फायदा झाला, २०१७ ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधे आलंय ते. पण ते काउन्सेलर एकमेकांची रेकॉर्डिंग ऐकून मार्क द्यायचे, हे कोणी सांगतच नाही, आपल्याकडे मॅन्युअलची झेरॉक्स देतात आणि झालं ट्रेनिंग!

आता तुझी पेशंट. १९९६ मधे कास्टॉन्गे आणि सहकाऱ्यांनी कॉग्निटिव्ह थेरपीची सेशन्स तपासली, तेव्हा दिसलं की पेशंटशी बिनसलं की काही थेरपिस्ट तेच तंत्र अजून जोरात रेटायचे आणि गाडं आणखी अडायचं. तू परत समजावलंस ते हेच झालं, नवीन असताना सगळे करतात. चार्ट राहू दे बाजूला, आधी विचार, "मागच्या वेळी मी फारच लेक्चर दिलं का?" आणि ती काय बोलते ते ऐक, मधे सफाई देऊ नकोस. मग कालचा एकच दिवस दोघींनी मिळून भरा, ती सांगेल तू लिही: भांडी घासली, मूड १० पैकी २, बहिणीशी फोनवर बोलले, ४. इथे तिलाच दिसतं की फोननंतर जरा बरं वाटलं होतं. कदाचित लिहायचाच कंटाळा असेल, किंवा घरात कोणी वही वाचेल ही भीती, ते मॅन्युअलला कसं कळणार.

मॅन्युअल सेशनच्या आधी वाच आणि नंतर वाच, समोर उघडून बसू नकोस. पेशंटची लेखी परवानगी घेऊन रेकॉर्डिंग कर आणि सीनियरांना म्हण, सर, यातली दहा मिनिटं तरी माझ्यासोबत ऐका.