फोंड्यातल्या आमच्या वाचनालयाची मराठी पत्रकं पीडीएफमध्ये पाठवतो, पण दृष्टिहीन सभासदांचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) ती वाचत नाही. काय चुकतंय?

पत्रक स्कॅन केलेलं असेल, तर स्क्रीन रीडरच्या लेखी तो नुसता फोटो आहे, म्हणून तो गप्प राहतो. माउसने एक ओळ निवडून बघा. निवडलीच जात नसेल तर हेच कारण. निवडली गेली, पण नोटपॅडमध्ये चिकटवल्यावर रोमन अक्षरांची गिचमीड उमटली, तर मजकूर छपाईच्या कामासाठीच्या जुन्या (डीटीपी) फॉन्टमधला आहे. दोन्हींवर इलाज एकच: युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतांत, टाइप करा. मथळे नुसते ठळक करू नका, वर्डमधली हेडिंग स्टाइल द्या. त्यावरूनच ऐकणारा माणूस हव्या त्या भागावर उडी मारतो. हे मी एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर फायली ऐकून तपासते, म्हणून सांगतेय. तो फुकट मिळतो, तुम्हीही ऐकाच. मात्र युनिकोड असूनही पीडीएफमध्ये कधीकधी जोडाक्षरं मोडतात, तेव्हा सोबत वर्डची फाइलही जरूर पाठवा.